घड्याळजींचा दुपारचा पाहुणा

शिंक काही हेराला शोभणारी नव्हती. जन्मभर नाकात पीठ गेलेल्या गिरणीवाल्याची शिंक ती. ती सुटली आणि घड्याळजींच्या टेबलावर खोलून ठेवलेलं चर्चच्या पाळकसाहेबांचं मनगटी घड्याळ, म्हणजे त्याचे स्क्रू, चाकं आणि केसासारखी बारीक स्प्रिंग, वाट फुटेल तिकडे निघून गेलं.

त्यावर काचेची टोपी झाकलेली होती, नाही असं नाही. पण मागच्या पडद्याला कान लावायचा तर कोपर टेकायला जागा हवी, म्हणून गिरणीवाल्यानेच ती नुकतीच, अगदी हलक्या हाताने, उचलून बाजूला ठेवली होती.

पडद्यामागचं बोलणं थांबलं.

घड्याळजी त्याचे थोरले साडू, आणि या कामगिरीवर त्याला धाडलं होतं खुद्द त्यांच्या बायकोने, म्हणजे त्याच्या थोरल्या मेव्हणीने. हेर निवडावा तर असा. चालला की मागे पांढरी पावलं उमटणार, आणि गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे कुजबुजला तरी तिसऱ्या घरात ऐकू जाणार. पण बोभाटा नको होता, आणि घरचा माणूस एवढाच होता.

संशयाला कारण होतं. चर्चच्या मंडळीत घड्याळजींची प्रार्थना म्हणजे मोठं प्रस्थ. पाळकांनी नुसतं बघायचा अवकाश, हे उठून उभे. ‘हे सर्वसमर्थ, सार्वकालिक, दयासागर पित्या’ इथून गाडी सुटायची ती राजे, अधिकारी, आजारी, प्रवासी असं एकेक स्टेशन घेत जायची. पोरं बाकावर झोपून ताजीतवानी होऊन उठायची. मागून लोक त्यांना ‘लांबण’ म्हणत, पण भाषेला माना डोलावत. असा हा माणूस बायकोच्या ऑपरेशननंतर गप्प झाला तो झालाच. पाळकांनी बघितलं की हे छताकडे बघत. आणि आता तर कळस झाला होता. बायको बरी झाली म्हणून येत्या रविवारी मंडळीने उपकारस्तुती ठेवली, आणि प्रार्थना करायला नवऱ्यानेच नकार दिला.

“मी वाचले हे त्यांच्या काही पथ्यावर पडलेलं दिसत नाही,” ताई म्हणाली होती.

“काहीतरीच काय, ताई.”

“मग रोज दुपारी शटर अर्धं ओढून आत कोणाशी बोलतात? शेजारच्या चप्पलवाल्याने कानांनी ऐकलंय. मधूनच हसतात म्हणे. माझ्याशी शेवटचे कधी हसले, ते मला आठवत नाही. रविवारच्या आत मला कळलं पाहिजे, नाहीतर मी काही त्या उपकारस्तुतीला येत नाही. करा माझ्यावाचून.”

गिरणीवाल्याला आधी हे पटेना. मग आठवायला लागलं. हल्ली घड्याळजी दाढी रोज करतात. जेवणाचा डबा लवकर संपवतात. कुणी गप्पा मारत बसलं की चुळबुळ करतात. एकदा संशयाचं जातं फिरायला लागलं की त्याला दाणे कमी पडत नाहीत. आज दुकानाच्या पायरीशी त्याने चपला पाहिल्या. एकच जोड, घड्याळजींचा. म्हणजे ती बाई आपल्या चपला हातात घेऊन आत जाते, हुशार आहे, असं मनाशी म्हणत तो शटरखालून वाकून आत शिरला होता.

आणि पडद्यामागून त्याने स्पष्ट ऐकलं होतं, “तुझ्यापासून काय लपवू? पण तिला सांगायचा धीरच होत नाही.” मग बराच वेळ काही नाही. मग एक हसू. मग शिंक.

पडदा सरकला. घड्याळजींनी टेबल पाहिलं, जमिनीवरची पांढरी पावलं पाहिली, आणि गुडघे टेकले. गिरणीवाल्यानेही टेकले. दोघं साडू टेबलाखाली स्क्रू शोधू लागले. एकाचा डोळा जमिनीवर होता, दुसऱ्याचा पडद्याखाली. आत एक स्टूल दिसलं, आणि कोरी भिंत.

“मागचं दार कुठे निघतं?” गिरणीवाल्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“दार नाही. मोरी आहे. बघून ये.”

तो खरंच बघून आला. मोरीत बादली होती.

“मग बोलत कोणाशी होता, साडूभाऊ? मला बनवू नका.”

घड्याळजींनी एक चाक चिमट्यात धरून फुंकर मारली. “तिला ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा मी बाहेर बाकावर. हात जोडले. तोंडातून काय निघालं, ठाऊक आहे? राजे आणि अधिकारी. बायको टेबलावर, आणि मी प्रवाशांसाठी प्रार्थना करतोय. ‘देवा, मला भीती वाटतेय’ एवढं साधं बोलता येईना. परक्या साहेबाच्या केबिनमध्ये उभं राहिल्यासारखं झालं.”

गिरणीवाल्याचा विश्वास अजून बसत नव्हता. “आणि हसता ते?”

“इथे देवाशी साधं बोलायला बसलो की जुनं सगळं तोंडात येतं. सर्वसमर्थ, सार्वकालिक. निम्म्यात माझं मलाच हसू फुटतं, मग गप्प बसतो. आधी नुसताच भिंतीकडे बघत बसायचो, वाटायचं वेड लागलं. आता एखाद्या दुपारी गिऱ्हाईक हलेना, तर आत कुणीतरी ताटकळत बसलंय असं वाटतं.”

“तो बोलतो?”

“अजून नाही. पण उठूनही जात नाही.”

गिरणीवाला जरा वेळ जमीन चाचपत राहिला. “मग हेच रविवारी मंडळीत बोला की.”

“तिथे उभा राहिलो की लांबण लागणार, तोंडाला सवयच आहे. आत्ता कुठे जवळीक होतेय. ती चारचौघांत नेऊन घालवू?”

“निदान ताईला तरी सांगायचं. ती काय समजून बसलीय, कल्पना आहे का? ती म्हणते, ती वाचली ते तुम्हाला रुचलं नाही.”

घड्याळजींच्या हातातला चिमटा खाली आला.

“जन्मभर देवाच्या घरचाच असल्यासारखा बोललो,” ते म्हणाले. “बायकोला कुठल्या तोंडाने सांगू, की त्याची-माझी नीट ओळखच नव्हती?”

मग त्यांची नजर गिरणीवाल्याच्या बाहीवर गेली. पिठात रुतून बसलेली स्प्रिंग त्यांनी अलगद उचलली, टेबलावर ठेवली, आणि तिच्यावर काचेची टोपी झाकली.

“बरं, मग ताईला सांगू तरी काय?” गिरणीवाल्याने विचारलं, आणि त्याच्या मते हळूच विचारलं.

“तिलाच उद्या दुपारी पाठव, तू शिंकतोस.”