बोट बघायला मामाला नेलं त्या दिवशी

माझ्या मामाला थंड इंजिन लागतं. जुनी बोट विकायला काढलेले लोक गिऱ्हाईक यायच्या आधी तासभर इंजिन चालवून ठेवतात, म्हणजे ते एका झटक्यात सुरू होतं आणि धूरही कमी सोडतं. मामाला हे पक्कं ठाऊक. तो पोचला की कुणाला नमस्कार करायच्या आधी इंजिनावर तळहात ठेवणार. जरा ऊब लागली की टोपी डोक्यावर चढवून निघालाच. "ताप उतरला की कळवा," एवढंच बोलणार. मालक मागे धावत येतो, पण मामा काही मागे वळत नाही.

चाळीस वर्षं त्याने बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त केली. नोकरी संपल्यावर आता ओळखीपाळखीच्या लोकांना जुन्या बोटी पारखून देतो. त्याने "घ्या" म्हटलं की लोक डोळे मिटून घेतात. हा माणूस खोटं बोलत नाही अशी त्याची ख्याती आहे, आणि त्या दिवसापर्यंत मीही ती चारचौघांत मिरवत होते. माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण मामावर मी जन्मात कधी चिडले नव्हते.

तर झालं असं, की निवृत्तीनंतर उन्हाळाभर पाण्यावर राहायचं असं आमच्या ह्यांच्या डोक्यात शिरलं. जाहिरातीत एक मोटरबोट दिसली. दोन जुनी डिझेल इंजिनं, झोपायच्या दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर. हे बघून आले आणि रात्रंदिवस गाद्यांचं कौतुक सुरू झालं. कसलं निळं कापड, कसली लाकडाची चकाकी! इंजिनाचं काय, असं विचारलं तर म्हणे, "दोन आहेत ना!" मी कपाळावर हात मारला आणि मामाला फोन केला.

बाबांना मात्र यातलं काही सांगितलं नाही. त्याचं कारण सांगायलाच हवं. बाबा आणि मामा एकाच बोट दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला होते. मामा इंजिनांवर, बाबा त्याच्या हाताखाली, नात्याने मात्र थोरल्या बहिणीचा नवरा. बावीस वर्षांपूर्वी एक बोट दुरुस्त करून मालकाच्या ताब्यात दिली. दुसऱ्या दिवशी धक्क्याबाहेर पडून वेग घेताच तिचं उजवं इंजिन तापून बसलं आणि बोट धक्क्याच्या दगडांवर आदळली. मालकाचे म्हातारे वडील आत पडले. त्यांच्या कंबरेचं हाड मोडलं, ते परत उठून चालले नाहीत. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, आणि ते घेणारा वॉल्व्ह मामाला बंद सापडला. तो उघडायचं काम बाबांचं. झालं, बाबांची नोकरी गेली. पुढे त्यांनी एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरी घड्या करायचं काम धरलं आणि आजतागायत कुठल्याही बोटीवर पाय ठेवला नाही. त्या म्हाताऱ्यांची माफी मागायला गेले तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आणखी दोन वर्षांनी ते म्हातारे वारले.

मामा मात्र बाबांना कधी टाकून बोलला नाही. उलट सगळ्यांसमोर म्हणायचा, "होतं असं माणसाच्या हातून, भावोजी. मनाला लावून घेऊ नका." बाबा मान खाली घालायचे. आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, मामाच्या मोठ्या मनाचे गोडवे गायचो.

असो. सकाळी आम्ही तिघं धक्क्यावर गेलो. विकणारा बाहेरगावी होता, त्याने किल्ल्या राखणदाराकडे ठेवल्या होत्या. मामाने बोटीच्या जमिनीतलं झाकण उचललं, शिडीने इंजिनखोलीत उतरला आणि डाव्या इंजिनावर हात ठेवला. गार. मग उजव्यावर. गार. मामाचा चेहरा खुलला.

पुढचा तासभर मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. त्याने ऑइलची पट्टी काढून पांढऱ्या कागदावर पुसली. ऑइल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. "दुधाळ असतं तर पाणी मिसळलंय समजायचं आणि इथूनच घरी जायचं," तो म्हणाला. इंजिनाखालच्या तळात हात घालून बोटांचा वास घेतला. इंजिन चाललेले तास मोजणाऱ्या काट्याकडे बघून हसला.

"हा म्हणतो इंजिनं फार चालली नाहीत. आणि शिडीच्या पायऱ्या बघा, झिजून खोलगट झाल्यात. काटा बदलता येतो जावईबापू, पायऱ्या कोण बदलतंय?"

ह्यांनी गाद्यांवरून हात फिरवणं थांबवलं.

"आणि ही इंजिनं जुळी नाहीत," मामा खालून ओरडला. "डावं मूळचं आहे, उजवं नंतर कुणीतरी बसवलंय. सावत्र भाऊ आहेत. एकत्र नांदतात का ते बघू."

सुरू केली तर नांदली. पांढरा धूर आला, दोन मिनिटांत विरला. निळा नाही, काळा नाही. मामाने बोट सोडून पलीकडच्या खांबापर्यंत नेऊन आणली आणि खुशीत येऊन म्हणाला, "म्हाताऱ्यांत दम आहे." हे तर तिथल्या तिथे नाचायचेच बाकी होते.

शेवटी राहिली सुट्या भागांची पेटी. जुन्या बोटीबरोबर ती येतेच, आणि मामा ती कधी न बघता सोडत नाही. पट्टे, फिल्टर, गंजके नट. तळाशी एका पोत्यात गुंडाळलेला पितळी कूलर निघाला. म्हणजे लांबट डबा, आत बारीक नळ्या, त्यांतून समुद्राचं पाणी फिरतं आणि इंजिन निवतं. ह्यांनी विचारलं, "चालेल का हा? जवळ असलेला बरा ना?"

कूलरच्या कडेला पितळेचं चौकोनी ठिगळ होतं, त्यावर मामा अंगठा फिरवत होता.

"हे मी लावलंय," तो म्हणाला.

मग त्याने वर बघितलं. छत, खिडक्या, शिडी, सगळीकडे नजर फिरवली. बोटीचा रंग बदलला होता, नाव बदललं होतं, वरचा अर्धा भाग नव्याने बांधला होता. "पोरी, ही तीच बोट आहे. हा तिच्या जुन्या उजव्या इंजिनाचा कूलर," तो म्हणाला. ज्या लाकडावर मी मघापासून बसले होते तिथेच कुठेतरी तो म्हातारा माणूस पडला होता. मी ताडकन उठले.

पण खरा धक्का पुढेच होता. सवयीने म्हणा, हातात पाना होता म्हणून म्हणा, मामाने कूलरचं टोकाचं झाकण खोललं. नळ्यांच्या तोंडांवर काळ्या रबराचे तीन तुकडे बसले होते, बोटाच्या पेराएवढे. मामाच्या हातातून पाना खाली पडला. तो घामाने निथळत होता. मला वाटलं ह्याला काहीतरी झालं, मी राखणदाराला हाक मारायला धावले, तर त्याने माझा हात धरला.

"वॉल्व्ह उघडा होता," तो म्हणाला. "भावोजींनी उघडला होता."

मग त्याने सांगितलं. पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचं पात्यांचं चाक असतं. ते चाक त्याने आदल्या दिवशी बदललं होतं. जुन्याची तीन पाती तुटलेली होती. तुटलेली पाती शोधून काढल्याशिवाय पंपाचं झाकण लावायचं नाही, हा त्याचा स्वतःचा नियम, पोरांना शिकवलेला. त्या संध्याकाळी मालक घाई करत होता. मामाला वाटलं, तुकडे आधीच कुणीतरी काढले असतील. ते कूलरमध्ये जाऊन बसले होते. हळू चालवताना भागलं, वेग वाढवल्यावर पाणी पुरेना. वॉल्व्ह बंद असता तर इंजिन हळू चालतानाही तापलं असतं.

"आणि वॉल्व्ह? तो बंद सापडला ना?"

"मालकाने घाबरून केला असणार. वाफ दिसली की लोक हाताला येईल ते बंद करतात. त्याला कुणी विचारलंच नाही. वॉल्व्ह पहिल्यापासून बंद असता तर माझं नवं चाक कोरडं फिरून जळालं असतं. पंपाचे चार स्क्रू काढून चाक बघायचं होतं. मी बघितलं नाही."

"का?"

"इंजिन बसल्याचं कळलं तेव्हा तुकड्यांचं माझ्या मनात आलं होतं. मग वॉल्व्ह बंद दिसला आणि मला बरं वाटलं."

बरं वाटलं! मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्या मामाला जन्मात उलट उत्तर दिलं नव्हतं त्याला नको नको ते बोलले. "माझ्या बापाला तू बावीस वर्षं माफ करत होतास? तू?" हे मला धरून उभे होते. मामाने कूलर पोत्यात गुंडाळला, काखेत मारला आणि म्हणाला, "चल, भावोजींकडे." राखणदाराला तेवढं सांगितलं, मालकाला फोन करतो, हा डबा मी नेतोय.

आईबाबांचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्यांचं. बाबा टेबलाशी बसून पेपर वाचत होते. आई भांडी पुसत होती. "अगं बाई, सगळे एकदम?" ती म्हणाली. मामाने पोतं सोडलं आणि झाकण काढलेला कूलर बाबांपुढे ठेवला. मला वाटलं, सगळं समजावून सांगावं लागेल. बाबांनी चष्मा सारखा केला, ठिगळ बघितलं, आत बघितलं. बोटाने एकेक तुकडा मोजला. बावीस वर्षं त्यांनी चादरींशिवाय कशाला हात लावला नव्हता, पण त्यांना एक शब्दही सांगावा लागला नाही.

त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला, की आईने हातातलं भांडं तसंच ओट्यावर सोडलं. "काय झालं? कुणी सांगेल का मला?"

मी सांगितलं. आई आपल्या भावाकडे बघत राहिली.

बाबा तिच्याकडे वळले. "त्या रात्री मी तुला म्हणालो होतो. मला वॉल्व्ह उघडल्याचं आठवत होतं. दांडा ओला होता, मी हात पँटला पुसला होता. हेसुद्धा सांगितलं होतं तुला."

"हो," आई म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "मी म्हणाले होते, माणसाला तसं वाटतं. माझा भाऊ कशाला खोटं सांगेल."

"मग मलाही तसंच वाटायला लागलं," बाबा म्हणाले.

मामा इतका वेळ दाराशी उभा होता. तो पुढे आला आणि अडुसष्ट वर्षांचा माणूस बाबांच्या पायांपाशी वाकला. "भावोजी, मला माफ करा."

बाबांनी पाय मागे घेतले.

"आत्ता नाही," ते म्हणाले. "आधी मला रागावू दे. बावीस वर्षांत मला कुणावर रागावताच आलं नाही."

आणि मग ते उभे राहिले आणि ओरडायला लागले. मी माझ्या बापाचा चढलेला आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. समोरचे शेजारी बाहेर येऊन उभे राहिले. हे दार लावायला उठले, तर मी ह्यांना खाली बसवलं.