जैतूनबीची जांभई

जैतूनबीपुढं कुणी बढाई मारली की ती जांभई द्यायची. तोंडावर हात न ठेवता, पार दाढा दिसेपर्यंत. आपल्याला उठून जायचीही सोय नसे, कारण आपला हात तिच्या हातात असायचा. सिरसाळ्यात घरोघर जाऊन ती बांगड्या भरायची. बोटं दाबत, अंगठा दुमडत ती बांगडी चढवी, तोवर बाई आपली सगळी हकिकत सांगून मोकळी होई. हकिकत खरी असली तर जैतूनबी हातातलं काम थांबवून विचारी, "मंग? तू काय केलंस?"

मला तिची पहिली जांभई मिळाली ती मी हैदराबादेहून परतले तेव्हा. मावशीकडं वर्षभर राहून टायपिंग शिकले होते, पण तोरा असा, की निजामानं मला विचारूनच राज्य सोडलं. बाजारात काळा चष्मा लावून फिरायचे. त्या चष्म्यापायी एकदा कुणाच्या तरी म्हशीवर जाऊन आदळले. म्हैस जागची हलली नाही, मी मात्र बसले शेणात. तरी खोड जाईना. बांगड्या भरताना म्हणाले, "हैदराबादेत असल्या बांगड्या कुणी घालत नाही."

जैतूनबीनं जांभई दिली. "तिथं बघितलंस काय?"

"चारमिनार."

"त्यो तर आमच्या क्यालेंडरावर हाय. भाकरी थापताना रोज बघती मी."

टायपिंगची नोकरी मला मिळाली नाही. मुलाखतीतही मी चारमिनारच सांगितला होता. पुढं शाळेत लागले आणि तिच्यासाठी कायमची मास्तरीणबाई झाले.

माझी नात मयूरी जर्मनीत दोन वर्षं दुधावरच्या प्रक्रियेचं शिकून आली, तोवर जैतूनबी थकली होती. फक्त ओळखीच्या घरी येई. मयूरीला इकडंच राहायचं होतं, पण तीन मुलाखती झाल्या आणि तिन्हीकडून नकार. एका साहेबांनी तर हसून विचारलं होतं, "मॅडम, आमच्याकडं किती दिवस टिकाल?" आता माजलगावच्या बाजूला एक दूध-कारखाना राहिला होता. तिथंही जमलं नाही, तर तिचा बाप तिला पुन्हा परदेशी पाठवायला टपून बसलेला. पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "आजी, बायोडाटातून जर्मनी खोडूनच टाकते. दोन वर्षं घरी होते म्हणून सांगते."

"खोड," मी म्हणाले. "पण आधी बांगड्या भरून घे."

जैतूनबीनं तिचा हात धरला तशी मी फर्मावलं, "हां, आता हिला मुलाखत दे."

मयूरीनं माझ्याकडं डोळे वटारले, पण हात अडकलेला. मग पाठ केलेलं सुरू झालं. "परदेशातील वास्तव्यामुळे मला जागतिक दृष्टिकोन लाभला. विविध संस्कृतींच्या लोकांसोबत..."

जैतूनबीनं अशी जांभई दिली की मलाही आली.

"लई भारी बोलती पोरगी," ती म्हणाली. "आकाशवाणीवानी. काय गं, तिथं रडलीस का न्हाई कधी?"

मयूरीनं पाठांतर सोडलं. मग हळूच म्हणाली, "एकदा."

"कावून?"

एका डेअरीत ती शिकाऊ म्हणून जायची. एके सकाळी दूध तापवायच्या टाकीचा काटा हवा तिथपर्यंत चढलाच नव्हता. तिच्याशिवाय कुणाचं लक्ष नव्हतं, आणि हिची जर्मन भाषा तोडकीमोडकी. आपण बोललो तर हसतील, म्हणून ती जरा वेळ तशीच उभी राहिली.

बांगडी बोटांच्या पेरांवरच थांबली. "मंग? तू काय केलंस?"

"मुकादमाची बाही धरली आणि त्याला ओढत टाकीपाशी नेलं. काटा दाखवला. नीट न तापलेलं ते सगळं दूध ओतून द्यावं लागलं. तो माझ्यावरच ओरडला, म्हणून रडले. दुसऱ्या दिवशी मात्र रोज सकाळी काटे बघायचं काम त्यानं मलाच दिलं."

"बाही सोडली न्हाईस?"

"नाही."

"अगं मंग हे सांग की त्या सायबाला. ते इविध-बिविध कशाला सांगतीस? आणि जर्मनी खोडली तर ती टाकी ठिवशील कुठं?"

मयूरी हसायला लागली, तेवढ्यात बांगडी मनगटावर गेली.

माजलगावला तिनं टाकीच सांगितली. साहेब म्हणे खुर्ची पुढं ओढून ऐकत होते. सगळे प्रश्न त्या काट्याचेच निघाले. शेवटी किती दिवस टिकाल हे आलंच. ही म्हणाली, "सर, मला तिथं राहायला सांगत होते. मी परत आले." नोकरी लागली. बायोडाटात आता जर्मनी पहिल्याच ओळीत आहे, आणि खाली टाकी.

पेढे द्यायला गेलो, तर जैतूनबी मयूरीला कवटाळून बसली, सोडीचना. त्या दिवसापासून मात्र तिचा ताल बिघडला. धर्मापुरीची असो का दिंद्रुडची, बाजारात जी बाई भेटेल तिला सांगत सुटली, "आमची पोरगी जर्मनीला हुती. म्याच धाडलती." मी एकदा टोकलं, "जैतूनबी, धाडली तिच्या बापानं." ती ठसक्यात म्हणाली, "बापाला काय कळतं?" गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण खोटं कुणी पाडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. मयूरी ड्यूटी टाकून आली होती, दारात जैतूनबीच्या सुनांमध्ये बसून रडत होती. परळीहून आलेल्या, जैतूनबीच्या लांबच्या नात्यातल्या एका बाईनं मला हळूच विचारलं, "ती जर्मनीवाली पोरगी हीच का? जैतूनबीचीच नात ना?"

मी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाले, "हो, जैतूनबीचीच."