शिंगीचा काटा आणि जाळ्याची दोरी

आम्ही पवनीकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. शिंगी माशाचा विषारी काटा पायात टोचला की जाळ्याच्या दोरीनं पोटरी करकचून बांधायची, म्हणजे जहर वर चढत नाही, ही आमच्याकडची पक्की समजूत.

त्या दिवाळीत मी नागपूरहून घरी पोचले, तर बाबा ओट्यावर. पोटरीला दोरी, पाऊल सुजलेलं, काळंनिळं आणि गार. बाबांना शुगर. अशाच जखमेनं काकांचा पाय गुडघ्यापासून गेला होता. माझं डोकंच फिरलं. कात्री घेऊन धावले.

"हात नोको लावू! जहर चढते!"

"चढू दे! पाय जाऊन राहिला अन् तुले दोरीची पडली!"

कापलीच मी.

मी कॉलेजात पेशींवर काम करते. अंगातल्या पहारेकरी पेशींना जंतूंची चाहूल लागली की त्या चवताळतात आणि नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्यानं जंतू मरतात. वायू किती सुटला ते आम्ही पेशींच्या पाण्यात एक औषध टाकून बघतो; जास्त असला तर पाणी गडद गुलाबी होतं. फार सुटला तर तो आपलंच मांस जाळतो, हेही खरं. पण बाबांना हे सगळं कुठं सांगत बसू?

"बाबा, सूज म्हणजे निस्तं जहर नाय. आपली फौज हाय ते. रक्तासंगं येते. तू तिचा रस्ताच बांधून ठेवला!"

"गुलाबी पाणी पाहू पाहू लई शहानी झाली," बाबा कण्हत म्हणाले. पण दवाखान्यात यायला उठले.

डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं. पायाचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही म्हणाल्या. चार दिवस मी उठता-बसता बाबांच्या पायाचा अंगठा दाबून, रक्त परत येतंय का ते बघायची. पाचव्या दिवशी दाबलेली जागा पांढरी झाली आणि सोडल्यावर हळूहळू गुलाबी. बाई गं! मी भोकाड पसरलं. बाबा म्हणाले, "रडतेस कायले? आली ना तुही फौज."

परवा त्यांचा फोन आला. तलावावर शेजारच्या एकाला शिंगी टोचली होती. लोक दोरी बांधायला निघाले.

"मंग?"

"मी हिसकली ना दोरी! म्हटलं, फौजेले रस्ता द्या, अन् चला दवाखान्यात. मीच नेलो त्याले, माह्या ह्याच पायानं."