झाडून काढलेला पुरावा

नदी वाचवायची तर आधी ती मनापासून पाहावी लागते, असं मी फाइलवरच्या टिपणीत पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं. दिल्लीत सत्तावीस वर्षं सरकारी नोकरी केली. यमुना पाहिली ती बहुतेक मेट्रोच्या खिडकीतून, उभ्याने.

दिल्ली आणि पानिपतच्या मधल्या एका काठावर फरसबंदी करून फिरायला रस्ता होणार होता. नागपूरकडची एक संशोधक मुलगी म्हणत होती की तिथे पाणमांजरांचं एक कुटुंब राहतं, नदीवर आता फार थोडी उरलीत, तेवढा पट्टा सोडा. बैठकीत ती मला 'सर' म्हणे, बाहेर चहा पिताना 'काका'. तिच्याकडे पुरावा होता तो विष्ठेचा. पाणमांजरं शौचाला ठरलेल्या जागी येतात, आणि त्यात माशांचे खवले सापडतात. जनावर स्वतः दिसणं नशिबाची गोष्ट. तेव्हा रस्त्याच्या कामासाठी नेमलेल्या समितीने ती जागा डोळ्यांनी पाहावी आणि मग ठरवावं, असं झालं.

समितीचा सचिव मी. आदल्या दिवशी स्थानिक कार्यालयाला फोन करून सांगितलं, उद्या तपासणी आहे. इतकी वर्षं हेच करत आलो होतो. न कळवता जाणं मला उद्धटपणाचं वाटे.

आम्ही पोचलो तर काठ झाडून लख्ख. दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा. फीत कापायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी सिमेंटचा चौथराही बांधून तयार. सुपरवायझर हात जोडून म्हणाला, "सर, बहुत गंदगी थी. सब साफ करवा दिया."

अध्यक्षांनी पुरावा कुठे आहे ते विचारलं. मुलीने झाडलेल्या काठाकडे बोट दाखवलं. परतताना गाडीत म्हणाली, "काका, दोन वर्षं मी त्या जागेवर जातेय. तुमच्या एका फोनने गेली." मी 'अच्छा' म्हणालो.

मग मी फाइलवर 'पुन्हा पाहणी आवश्यक' असं लिहिलं आणि नोकरीत पहिल्यांदाच कोणालाही फोन केला नाही. कुठे चाललोय हे अध्यक्षांनाही सकाळी गाडीत बसल्यावर सांगितलं. निवृत्तीची एवढी घाई झालीय का, असं त्यांनी विचारलं.

जुन्या जागी काहीच नव्हतं. पुसट होत चाललेल्या चुन्यावरून फक्त पंजांचे ठसे गेले होते. मुलगी वाकून त्यांच्या मागे मागे गेली, चौथऱ्यापाशी थांबली आणि तिने आम्हाला हात केला. चौथऱ्याच्या अगदी मधोमध होती. ताजी, खवल्यांनी चमकणारी. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावून पाहिली आणि तिथेच फाइलवर सही केली.

तो पट्टा आता मोकळा सोडलाय. यंदा तिथे दोन पिल्लं दिसली. चौथरा मात्र सरकारी मालमत्ता असल्यामुळे पाडता आला नाही. पाणमांजरं रोज तिथेच शौचाला येतात.