शेळके सरांचे दोन ठोकळे

ठोकळ्यावरचा लाल कागद कमिटीच्या पुढ्यात गळून पडला. मागोमाग हिरवा. शेळके सरांनी ठोकळा पोटाशी धरला. मी दाराशी उभा होतो. ठोकळे माझ्या हातचे.

औरंगाबादच्या एका कॉलेजात मी सुतार होतो. शिक्षण चौथी, पण हाताला सफाई होती. शेळके सर सिल्लोडकडचे, गणित शिकवायचे, टेंपररी. त्या दिवशी कमिटीपुढं शिकवून दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी पक्की.

विषय ऑपरेटरचा. ऑपरेटर म्हणजे वस्तूवर करायची क्रिया. ठोकळा पुढं पाडला ही एक, उजवीकडं वळवला ही दुसरी. काही क्रियांचा क्रम बदलला की शेवट बदलतो. असल्या दोन ऑपरेटरांचं गणित एकत्र कसं मांडायचं, त्यांचा स्पेक्ट्रम कसा काढायचा, यावर सरांचा अभ्यास. स्पेक्ट्रम म्हणजे ऑपरेटरच्या अंगचे ठरावीक आकडे. मला समजलं ते एवढंच.

आठवडाभर आधी सर वर्कशॉपात आले होते.

“मिस्त्री, दोन सारखे ठोकळे करा. सहा बाजूंना सहा रंग द्या.”

“सागवानाला रंग? मी नाय लावत.” रंग लावतात तो लाकडाची खोट झाकायला.

“बरं, कोरेच द्या. मी रंगीत कागद चिकटवतो.”

कोरं काम मी कधी हातातून सोडलेलं नाय. घासून पॉलिश मारलं. लई चकाकत होते. सर घ्यायला आले तेव्हा कमिटी येऊन बसली होती.

“अहो, पॉलिश कशाला केलं? यावर कागद राहील का?”

“नाय राहायचा. आधी कागद आणि वरून पॉलिश केलं असतं तर राहिला असता.”

“हे आता सांगता व्हय!” सरांनी तसाच डिंक फासला.

एकेक करत सगळे कागद गळाले, तरी सर थांबले नाहीत. एक ठोकळा आधी पाडला, मग वळवला. दुसरा आधी वळवला, मग पाडला. रंगच नव्हते, दोन्ही सारखेच दिसले.

“फरक कुठंय?” कमिटीतले मोठे साहेब म्हणाले. “सुतारकाम मात्र झकास आहे हो!”

सगळे हसले. मीसुद्धा त्या कौतुकानं ताठ झालो.

नोकरी दुसऱ्याला गेली. जाताना सर वर्कशॉपात आले.

“मिस्त्री, रंग लावला असता तर तुमचं काय गेलं असतं?”

“माझं नाव गेलं असतं.”

“राहिलं ना मग? सांभाळा.”

ठोकळे प्रिन्सिपॉल साहेबांच्या टेबलावर गेले, फायली उडू नयेत म्हणून.

सागवानाला रंग मी आजही लावणार नाय. पण आधी पॉलिश की आधी कागद, हे काम हातात घेतानाच विचारावं. सरांचं सगळं गणित तेवढंच सांगत होतं.