एका सुईला एक अंडं

आमच्या गावात सुईदोऱ्याचं एकच दुकान होतं, सहकारी संस्थेचं, आणि पेर्सिदा त्या दुकानात एकतीस वर्षं उभी होती. उभी म्हणजे खरोखर उभी. गल्ल्यामागे खुर्ची होती, पण तिच्यावर मांजर बसायचं. बटणं, लोकर, लेस, इलॅस्टिक ती दिवसभर मोजून द्यायची, आणि पगार झाला की संध्याकाळी गल्ल्याच्या या बाजूला येऊन स्वतःच गिऱ्हाईक व्हायची. मशीनच्या सुयांची दोन-तीन पाकिटं, लायटरचे खडे, मुरांब्याच्या बरण्यांना लागतात ती रबरी कडी. मग शेजारच्या किराण्यातून किलोभर कॉस्टिक सोडा. दर महिन्याला, न चुकता. गावातली लहानथोर सगळी तिला तेता पेर्सा म्हणत. तेता म्हणजे त्यात मावशीही आली आणि आत्याही.

हे सामान तिच्या मागच्या खोलीत जायचं. सुया तेलकट कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, सोडा काचेच्या बरण्यांत, बरण्यांची तोंडं मेणाने बंद केलेली, कारण हवा लागली की सोडा पाणी पितो. मी गावच्या शाळेत गणित शिकवायचो आणि त्यांच्या दोन घरं पलीकडे राहायचो. तिचा नवरा तोझा जर्मनीत अकरा वर्षं रस्त्यांवर डांबर टाकून परत आला होता. तो कुंपणावर कोपर टेकून मला म्हणायचा, "मास्तर, उद्या जग फाटलं तर आमची बाई त्याला टाके घालणार आहे." मी हसायचो. पेर्सिदालाही ऐकू जायचं. ती तिचं काम करत राहायची.

तोझाने जर्मनीतून आणलेले मार्क, म्हणजे तिथला पक्का पैसा, मात्र खऱ्या कामाचे होते. तीन हजारांच्या वर. त्या सुमारास एक खाजगी बँक निघाली, दरमहा पंधरा टक्के व्याज देणारी, आणि आख्खा जिल्हा तिच्या दारात रांगेला लागला. तोझा कागद-पेन्सिल घेऊन माझ्याकडे आला. दोन वर्षांत किती होतील, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी चक्रवाढीचं गणित करून दिलं. उत्तर इतकं मोठं आलं की आम्ही दोघं त्याच्याकडे बघतच राहिलो. पेर्सिदा म्हणाली, दरमहा पंधरा टक्के देणारा माणूस वेडा असतो नाहीतर पळायच्या तयारीत असतो, आणि वेडा काही मला दिसत नाही. पण पैसे तोझाने कमावले होते. तिने फक्त तीनशे मार्क मागून घेतले, तेही दहा-दहाच्या नोटांत, आणि डब्यात टाकले. बाकीचे बँकेत गेले.

एक्क्याण्णवमध्ये देश फुटायला लागला. त्र्याण्णवच्या वसंतात ती बँक बंद झाली. मालक परदेशी. तोझा तेव्हापासून अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागला. जेवायला हाक मारली की यायचा, जेवायचा, परत जायचा. बोलणं संपलंच. आणि पेर्सिदाने त्या पैशांबद्दल एक शब्द काढला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी मात्र त्या अंगणावरून जाताना मान खाली घालून जायचो, कारण ते गणित माझ्या अक्षरात होतं.

त्या वर्षी पैसा कसा मेला ते सांगून खरं वाटत नाही. सकाळी पगार हातात आला तर दुपारपर्यंत त्याचं काहीतरी घ्यायचं, नाहीतर संध्याकाळी त्यात काडेपेटी यायची नाही. पाव एका दिवसात तीनदा महागायचा. नोटांवरची शून्यं इतकी झाली की सहावीची पोरं ती मोजायची पैज लावायची. सीमा बंद, कारखाने बंद, दुकानांची फळकुटं रिकामी. ज्याच्याकडे मार्क होते तो मार्कांत जगत होता, पण गावात मार्क होतेच किती? आणि ज्याच्याकडे होते त्याला दहा मार्कांची नोट देऊन चार अंडी घेता येत नव्हती. मोड कोण देणार?

पहिली पेर्सिदाकडे गेली ती माझीच बायको, नेवेनका. नवं कापड मिळत नव्हतं, बायका जुनं उसवून पुन्हा शिवत होत्या, आणि आमच्या मशीनची शेवटची सुई मोडली होती. आमच्याकडे चार कोंबड्या होत्या. पेर्सिदाने दारातच विचारलं, "किती हव्यात?" नेवेनका म्हणाली एक. "मग एक अंडं दे."

आठवड्याभरात गल्लीतल्या सगळ्या बायका जाऊन आल्या. मग खालच्या आळीतल्या. गावात डुकरं होती, चरबी होती, पण साबण करायला सोडा नव्हता. सोडा तिच्याकडे होता. एका बरणीला वीस अंडी किंवा वीस सुया, तिला दोन्ही चालायचं. इथे काहीतरी वेगळंच सुरू झालं. ज्याला सुई नको तोही सुई घ्यायला लागला, कारण सुई दिली की गिरणीवाला दळून द्यायचा, चांभार टाच लावून द्यायचा. गायीला टोचायला आलेला बार्ना डॉक्टर, आमचा हंगेरियन पशुवैद्य, सहा सुया घ्यायचा आणि कोटाच्या कॉलरच्या आत टोचून ठेवायचा. ऑक्टोबरपर्यंत अशी वेळ आली की बाजारात भोपळ्याची किंमत विचारली तर उत्तर यायचं, "तीन सुया."

हे तिने ठरवलं नव्हतं. कुणीच ठरवलं नव्हतं. तिने केलं ते एवढंच की भाव बदलला नाही. जूनमध्ये एका सुईला एक अंडं, डिसेंबरमध्ये एका सुईला एक अंडं. सरकारी छापखाना दिवसरात्र चालत होता आणि त्याच्या कागदाला कुणी हात लावत नव्हतं, आणि इथे लोकरीचा एप्रन घातलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या शब्दावर बाराशे माणसांचं गाव चाललं होतं. मी वर्गात फळ्यासमोर उभा राहून टक्केवारीची गणितं सुयांमध्ये घालायचो.

गाव्रा नावाचा एकजण होता, रुमानियातून चोरून पेट्रोल आणायचा, लाल मोटारीतून फिरायचा. तो एक दिवस तिच्याकडे आला. मी तेव्हा सोडा घ्यायला बसलो होतो. त्याने आठशे मार्क टेबलावर ठेवले आणि म्हणाला, सगळ्या सुया आणि सगळा सोडा. पेर्सिदाने त्याला कॉफी दिली, म्हणजे भाजलेल्या सातूचं पाणी, आणि नाही म्हणाली.

"तेता, इतके पैसे या गावात कुणी बघितलेले नाहीत."

"खरं आहे. पण उद्या सुई कितीला देशील?"

गाव्रा हसला. "निदान तीन अंड्यांना."

"मग मी तुला कशी देऊ?" ती म्हणाली, आणि त्याचे मार्क नीट एकावर एक ठेवून त्याच्याकडे सरकवले.

नोव्हेंबरमध्ये नेवेनकाचे दिवस भरत आले. शहरातल्या डॉक्टरने तपासून सांगितलं की मूल आडवं आहे, पोट उघडावं लागेल. इस्पितळात खाटा होत्या, डॉक्टर होते, बाकी काही नव्हतं. त्याने मला यादी दिली: भुलीचं औषध, अँटिबायोटिक, सलाईन, टाक्यांचा दोरा. हे सगळं दहा दिवसांच्या आत आणा, नाहीतर माझे हात रिकामे. हे सगळं सीमेपलीकडे, रुमानियातल्या तिमिश्वारात मिळत होतं, आणि त्याची किंमत माझ्या दोन वर्षांच्या पगारात बसली नसती, पगार जिवंत असता तरी.

मी पेर्सिदाकडे गेलो. काय मागायचं ते मलाच कळत नव्हतं. यादी टेबलावर ठेवली. तिने चष्मा लावून ती वाचली, आत गेली आणि गळ्यातली माळ घेऊन आली. दुकाट, जुन्या सम्राटाचं डोकं असलेली सोन्याची नाणी, आमच्या भागात लग्नात मुलीला घालतात तशी. मधे मधे कड्या रिकाम्या होत्या.

"इथले चार आईने पिठापायी दिले," रिकाम्या कड्यांवरून बोट फिरवत ती म्हणाली. महायुद्धातल्या पहिल्या हिवाळ्यात पेर्सिदा सात वर्षांची होती. आई तिला घेऊन पीठ आणायला एका मळ्यावर गेली. दुकाट दिला, अर्धं पोतं मक्याचं पीठ मिळालं. तो माणूस म्हणाला, मोड नाही. त्यांच्या पुढेच एक बाई उभी होती, तिने मिठाची पुडी आणि चार सुया दिल्या आणि तितकंच पीठ नेलं. पेर्सिदाला तेव्हा कळलं की सोन्याचा तुकडा पाडता येत नाही. "असे चार हिवाळ्यांत चार गेले. म्हणून मग मी बारीक वस्तू जमवायला लागले. ही माळ पिठासाठी पुन्हा तोडायची नाही म्हणून."

"मग आता?" मी विचारलं.

"हे काय पीठ आहे, मास्तर?"

तिने गाव्राला बोलावणं पाठवलं. तो आला, माळ बघून त्याची नजर बदलली. ती म्हणाली, यादीतलं सगळं, बंद पाकिटांतलं, तारीख न उलटलेलं. दोन दुकाट. त्याने तीन मागितले. ती म्हणाली दोन, आणि सामान आधी टेबलावर. गाव्राने टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, "तेता, दुसऱ्या कुणाला मी आधी सामान दिलं नसतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी सामान आलं. नवव्या दिवशी आमची मुलगी झाली. आईही धड आणि लेकही धड.

मी तिच्याकडे परत गेलो. सायकल देतो म्हणालो, वडिलांचं घड्याळ देतो म्हणालो. ती म्हणाली तिला फुकट देणं आवडत नाही, माणसाची नजर खाली जाते, पण सायकल नको. मग अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघराकडे बघत म्हणाली, "रोज दुपारी येऊन त्याच्याशी बुद्धिबळ खेळा. वर्षभर. आणि मुद्दाम हरू नका, त्याला लगेच कळतं."

मी जायला लागलो. पहिले दिवस फार कठीण गेले. तोझा पटाकडे बघायचा, माझ्याकडे नाही. मीही नाही. सोंगट्यांचा आवाज तेवढा. दुसऱ्या आठवड्यात मी वजीर उघडा टाकला, मुद्दाम नव्हे, डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही हिशोबात कच्चेच." मी वर बघितलं. तो हसत नव्हता, पण रागावलेलाही नव्हता. मी म्हणालो, "मला माफ करा." तो म्हणाला, "सही माझी होती. खेळा."

जानेवारीत तो मध्येच उठून जुन्या खुराड्याच्या फळ्या ठोकायला लागला. अंडी घेऊन येणाऱ्या बायकांकडून त्याने अंड्यांऐवजी कोंबड्याच मागून घेतल्या. फेब्रुवारी संपता संपता त्याच्याकडे साठ-सत्तर कोंबड्या होत्या, आणि तो त्यांच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलायचा.

त्याच जानेवारीच्या शेवटी नवा दिनार, सरकारचं नवं चलन, आला होता. आधी कुणी विश्वास ठेवला नाही. पण एक आठवडा भाव तोच राहिला, मग महिनाभर. मार्चपर्यंत दुकानांच्या फळ्यांवर वस्तू दिसायला लागल्या, आणि सहकारी दुकानात सुयांची पाकिटं आली. पाकिटाची किंमत इतकी किरकोळ की गावभर लोक आपापल्या घरात साठवलेल्या सुयांकडे बघून ओशाळले. बार्ना डॉक्टरकडे तर तंबाखूचा डबा भरला होता. तो चेष्टेने पेर्सिदाकडे घेऊन आला. मी आणि तोझा पटावर होतो, दार उघडं होतं, सगळं ऐकू आलं.

"तेता, या एवढ्या सुयांचं मी काय करू? गाय शिवू?"

"किती आहेत?"

"एकशे ऐंशी असतील. का?"

"एकशे ऐंशी अंडी एका दिवसात होणार नाहीत. रोज वीस घेऊन जा."

बार्नाला वाटलं तीही चेष्टा करतेय. पण ती आत गेली आणि टोपलीत वीस अंडी घालून आली. तो मागे सरला. म्हणाला, पाकीट आता दुकानात मिळतं, हे तुम्ही कशाला करता, कुणी मागितलंय का?

"मी दिली तेव्हा अंडं घेऊनच दिली होती ना," पेर्सिदा म्हणाली. "मग परत आली तर काय देऊ?"

बार्नाने टोपली दोन्ही हातांत धरली. माझ्यासमोर तोझाने हातातला उंट पटावर ठेवला तो चुकीच्या रंगाच्या घरात, आणि ते आम्हा दोघांनाही बऱ्याच वेळाने कळलं.

बातमी गावात पसरली. पुढचे दीड-दोन महिने, ईस्टरपर्यंत, लोक येत राहिले, कुणी तीस सुया घेऊन, कुणी सात. काही जण लाजून मुलाबाळांच्या हातून पाठवायचे. तिने एकदाही मोजताना कपाळाला आठी घातली नाही. तोझा पहाटे खुराड्यातून अंडी काढून द्यायचा, आणि कमी पडली तर डब्यातल्या दहा-दहाच्या नोटा घेऊन शेजारच्या गावातून विकत आणायचा. ते तीनशे मार्क असे अंड्यांत गेले.

आमच्या घरी अकरा सुया होत्या. मी त्या नेणार नव्हतो. तिच्या दोन दुकाटांवर माझी मुलगी जगली होती, मी अकरा अंडी कोणत्या तोंडाने मागणार? मी डबी कपाटात मागे ढकलली. नेवेनकाने ती बाहेर काढली. म्हणाली, सगळं गाव नेतंय, आपण नाही नेल्या तर तिला वाटेल की आपल्याला तिचा शब्द खरा वाटला नाही.

म्हणून मी गेलो. पेर्सिदाने सुया तळहातावर मोजल्या, तेलकट कागदात ठेवल्या आणि मला अकरा अंडी दिली, त्यातलं एक जरा चिरलेलं निघालं म्हणून ते बदलून दिलं. मी टोपली पोटाशी धरून, खड्डे चुकवत, फार सावकाश घरी आलो.