साताऱ्याहून आलेली फ्लॉपी

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटरवर मराठी लिहिता यावं म्हणून आम्ही सातआठ जण हौसेनं, फुकट, एक प्रोग्राम बनवत होतो. कुणीही न्यावा, सुधारावा, विकला तरी हरकत नाही. फक्त ज्यानं जे लिहिलं त्याचं नाव त्या फाइलीच्या डोक्यावर राहावं, एवढीच अट. सगळ्या कोडचा साठा सांगलीत, विश्रामबागेत, माझ्या घरच्या मशीनवर असायचा. फोनवरून फाइली पाठवायला जावं तर लाइन तुटायची. म्हणून जो तो आपले बदल फ्लॉपीत घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा, सोबत काय बदललं त्याची चिठ्ठी. मी स्टँडवरून फ्लॉपी आणायची, बदल साठ्यात टाकायचा, चिठ्ठीतला मजकूर नोंदवायचा. कुणी कुठली ओळ कधी बदलली, सगळं मशीन सांगायचं.

जोडाक्षरांचा भाग माझा. दीड वर्ष डोकं फोडलं होतं त्यावर. नवरा विचारायचा, "यातून तुला मिळणार काय?" मी म्हणायचे, "नाव."

साताऱ्यात क्लास चालवणारा एक जण आमच्यात होता. गोड बोलायचा, काम नेटकं. त्याची फ्लॉपी मी तपासायचीसुद्धा नाही. एकदा चिठ्ठी आली, "किरकोळ सफाई." टाकली साठ्यात.

आठवड्यानं लोणंदच्या मास्तरांचा फोन. तेही आमच्यातलेच, नवी प्रत त्यांच्याकडे गेली होती. "ताई, जोडाक्षरांवरचं नाव तुमीच काढलंय व्हय?"

मशीनला विचारलं. एकेका फाइलीवरून आमची नावं गेलेली, त्या जागी त्याचं एकट्याचं. गडी प्रोग्राम स्वतःचा म्हणून खपवायला निघाला होता, आणि नेहमीच्या सवयीनं नावं बदललेला तोच फोल्डर फ्लॉपीत घालून कंडक्टरच्या हाती देऊन बसला. चोरानं माल पाटलाच्याच घरी ठेवायला द्यावा, तसं. आणि मी बावळट, माझ्याच हातानं माझं नाव पुसलं होतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

रविवारी साताऱ्यात त्या प्रोग्रामच्या उद्घाटनाचा त्याचा कार्यक्रम होता, शाळाशाळांच्या हेडमास्तरांना बोलावून. मी ती नोंद छापली आणि सकाळची गाडी धरली. नारळ फुटला, हार झाले. कुणाला काही विचारायचंय का म्हणाले, तशी उठले आणि पहिल्या रांगेपासून कागद वाटत गेले. वर आधीचं नाव, खाली त्याचं, शेजारी तारीख. समोर सगळे हेडमास्तर. चुका काढण्यात हयात गेलेली माणसं.

"आवं ताई, चुकून झालं," तो म्हणाला.

"काय चुकलं ते सांगा की सगळ्यांना." त्यानं गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. हॉल हळूहळू रिकामा झाला. मी शेवटपर्यंत बसले.

महिन्याभरानं त्याची बायको घरी आली. पोरं क्लास सोडून चालली होती. म्हणाली, "तेवढी एक नोंद पुसा. तुमच्या एकटीच्याच हातात हाय ते." खरंच होतं. मी चहा केला, तिला दिला आणि नाही म्हणाले. तिची काही चूक नव्हती, कळत होतं मला. कप तसाच ठेवून ती गेली.

त्यानंतर जो कुणी प्रोग्राम न्यायला आला, त्याला ती नोंदही फ्लॉपीत घालून दिली. कुणी मागितली नव्हती.